रॅरिटनचा गाळ

वर्षाचा पहिला मासा लागला आणि देवदत्त तो दाखवायला काठाशी घेऊन आला, तेव्हाच सुहासिनीने सांगून टाकलं.

खरं तर ती हे गाडीतच सांगणार होती. एडिसनहून रॅरिटनच्या खाडीपर्यंत यायला तासभरही लागत नाही, पण तेवढ्या वेळात तिचं तोंड उघडलं नाही. देवदत्त आपला बोलत होता. एरवी घरात चार दिवसांत जेवढं बोलायचा नाही तेवढं तो माशांवर एका दमात बोलायचा. एप्रिलच्या सुरुवातीला समुद्र अजून बर्फासारखा गार असतो, पण खाडीच्या आतल्या अंगाला काळा गाळ उन्हाने तापतो, त्याच्यावरचं उथळ पाणी जरा उबदार होतं, आणि हिवाळाभर सुस्तावलेले पट्टेवाले बास मासे त्या उबेला येतात. तेही सुकती असताना, पाणी उतरत असताना. "भरती लागली की इथे थांबायचं नाही," तो म्हणाला. "हा गाळ बेभरवशाचा आहे." वेंगुर्ल्याचा असल्यामुळे ओहोटीला तो अजून सुकतीच म्हणायचा.

इतक्या वर्षांत सुहासिनी कधी त्याच्याबरोबर आली नव्हती. आज आपण होऊन "मी पण येते" म्हणाली, त्याचं त्याला नवल वाटलं होतं आणि आनंदही झाला होता. तिच्यासाठी घडीची खुर्ची त्याने स्वतः गाडीत टाकली. खाडीच्या गवताळ कडेला, एका जुन्या धक्क्याचा कुजत आलेला खांब उभा होता, त्याच्या आडोशाला ती मांडून दिली. "वारा लागणार नाही इथे," म्हणाला. तिला वाटलं, आज कशाला एवढं चांगलं वागतोय हा.

आणि मग तो मासा. हातभर लांब, रुपेरी, अंगावर काळ्या रेघा ओढलेल्या. देवदत्तने तो पाण्यातच धरून ठेवला होता. बूट जोडलेली छातीपर्यंतची रबरी विजार, वेडर्स, घातलेला साठीचा माणूस, पण चेहरा असा की शाळेतून बक्षीस घेऊन आलाय.

"बघ सुहास. वर्षाचा पहिला."

"मी नेपरव्हिलला जातेय," ती म्हणाली. "अनिकाकडे. राहायला जातेय. मला परत यायचं नाहीये."

देवदत्तने तिच्याकडे पाहिलं नाही. मासा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून त्याने धरला, तो शेपूट हलवेपर्यंत थांबला, आणि मग सोडून दिला. हात पाण्यात हलवले.

"बरं," म्हणाला. आणि वळून परत पाण्यात गेला.

बस्स. बायको कायमची लेकीकडे निघाली, तीस वर्षांच्या संसारावर एवढंच. सुहासिनी खुर्चीत बसून राहिली, संतापलेली.

देवदत्त वाईट माणूस नव्हता. दारू नाही, आवाज चढवणं नाही, पैशापाण्याची ओढाताण नाही. विमा कंपनीतल्या नोकरीतून त्याने लवकर निवृत्ती घेतली आणि हा फ्लायचा, पिसांच्या खोट्या आमिषाने मासे धरायचा, नाद लावून घेतला. डायनिंग टेबलावर तो हरणाच्या शेपटीचे केस आणि पिसं गळाला बांधून खोटे मासे करत बसायचा. एकदा आमटीत पिवळा केस निघाला तेव्हा ती हसलीही होती. पण गेल्या एप्रिलमध्ये सांगलीहून नंदूचा, तिच्या भावाचा फोन आला, की ताई, आई आता फार दिवस काढत नाही. ती बॅग भरायला लागली. देवदत्त दारात उभा राहून म्हणाला, "तू पुढे हो. मी मे महिन्यात येतो." एप्रिलमध्ये खाडीत मासे येतात. हे तो बोलला नाही, पण तिला ठाऊक होतं. आईने अंथरुणावरून विचारलं, "देवदत्त नाही आले?" तर तिने सांगितलं, रजा नाही मिळाली. निवृत्त माणसाला कसली रजा? आई गेली. तिचं दिवसकार्य सगळं करून सुहासिनी घरी परतली तेव्हा फ्रिजवर एक नवा फोटो चिकटवलेला होता. देवदत्त आणि त्याच्या दोन्ही हातांवर आडवा धरलेला भला मोठा बास.

त्या फोटोबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. वर्षभर.

आता तो पाण्यात पुढे पुढे चालला होता. नेहमी उभा राहायचा ती जागा त्याने मघाशीच बोटाने दाखवली होती, एका वाळूच्या पट्ट्यावर. ती मागे पडली. तो डावीकडे वळला, पार उघड्या पाण्याच्या दिशेला. रॉड मागे जात होता, पुढे येत होता, दोर हवेत लांब होऊन पाण्यावर पडत होता. तो एकसारखा दोर टाकत होता. मासे धरायला नव्हे, हे तिला एवढ्या लांबूनही कळलं. थांबला असता तर काठाकडे यावं लागलं असतं, म्हणून.

किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या बुटाला काहीतरी गार लागलं म्हणून तिने खाली पाहिलं. गवताच्या काड्यांमधून पाणी आत येत होतं. अगदी सावकाश, आवाज न करता.

भरती लागली होती.

"अहो!" तिने हाक मारली. वारा जमिनीकडून होता, तिचा आवाज त्याच्यापर्यंत गेला असावा. त्याने मान वळवली. काठाकडे निघाला, वाळूच्या पट्ट्यावरून न येता सरळ रेषेत. चार-सहा पावलं आला असेल. आणि एकदम बुटका झाला.

तिला आधी कळलंच नाही. वाटलं, वाकलाय. मग तो एका अंगाला कलला, सावरला, रॉड पाण्यात टेकवून त्याने जोर लावला, आणि आणखी थोडा बुटका झाला. तो ओरडत होता, पण वारा त्याचे शब्द समुद्राकडे नेत होता. त्याच्या हाताची खूण मात्र स्पष्ट दिसत होती. येऊ नकोस.

ती काठाच्या टोकापर्यंत धावली. तिथून मध्ये पन्नास-साठ फूट पाणी आणि पाण्याखाली तोच काळा गाळ. तिने एक पाय टाकून पाहिला तर तो घोट्याच्या वर गेला आणि काढताना बूट आतच राहायला बघत होता.

"रुतलोय!" आता त्याचं ऐकू आलं. "निघेन मी! जरा वेळ लागेल!"

"किती गेलाय पाय?"

"एक मांडीपर्यंत! दुसरा गुडघ्याला!"

तो सुटायची धडपड करत होता. एक पाय ओढायला गेला की सगळा भार दुसऱ्यावर यायचा आणि तो खाली जायचा. हे तिला काठावरून दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. "हलू नका!" ती किंचाळली. "अहो, हलू नका हो!" आणि कोटाच्या खिशातून फोन काढून तिने मदतीसाठी नाइन वन वन लावला.

पलीकडची बाई शांत आवाजात पत्ता विचारत होती. पत्ता! दलदलीला कसला पत्ता? सुहासिनीला रस्त्याचं नाव आठवेना. तीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेली बाई, पण त्या क्षणी तिला 'गाळ'ला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना. "माय हजबंड इज स्टक, वॉटर इज कमिंग," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग गाडी उभी केली तिथली निळी पाटी तिला आठवली, तिच्याशेजारची तुटकी होडी आठवली. बाईने ती जागा ओळखली. माणसं निघालीत, म्हणाली. पण गाळावर चालवायची बोट दुसऱ्या गावाहून आणावी लागेल. तोवर तुम्ही पाण्यात उतरायचं नाही, मॅम, काही झालं तरी उतरायचं नाही. दोघं रुतलात तर आम्हाला दोघांना काढावं लागेल.

"किती वेळ?"

"शक्य तितक्या लवकर येतायत, मॅम."

तिने पाण्याकडे पाहिलं. मघाशी गवताच्या काड्यांमधून आलेलं पाणी आता खुर्चीच्या पायांभोवती हलत होतं. देवदत्तच्या कमरेपर्यंत आलं होतं.

ती गाडीकडे पळाली. गवत, चिखल, मग खडीचा रस्ता. सत्तावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी, पण पळाली. डिकी उघडली. आत हिवाळ्यातलं सामान तसंच पडलेलं. फावडं, काच खरवडायचा ब्रश, आणि त्याच्याखाली पिवळ्या नायलॉनच्या दोराचं भलंमोठं भेंडोळं. मंडळाच्या गणपतीचा देखावा गाडीच्या टपावर बांधून नेताना आणलेला, कोणी परत मागितला नव्हता.

ते भेंडोळं हातात घेऊन ती तिथे थांबली.

क्षणभरच. पण थांबली. तिच्या मनात आलं, मी इथेच बसले, तर कोणी मला काही म्हणणार नाही. बाईनेच सांगितलंय, उतरू नका. बोट येईल तेव्हा येईल. मला कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. अनिकाला नाही, नंदूला नाही, बायकांच्या भिशीत नाही. नेपरव्हिलला मी नवरा सोडून आलेली बाई म्हणून जाणार नाही.

हा सगळा विचार तिने केला असं नव्हे. ते आपलं आपण आत उभं राहिलं, शब्दन् शब्द, आणि तिला दिसलं. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. डिकी उघडीच टाकून ती परत धावत सुटली.

काठावर येऊन तिने दोराचं टोक भिरकावलं. ते अर्ध्या वाटेतसुद्धा गेलं नाही. ओढून घेतलं, एका टोकाला दगड बांधायला बघितलं, तर त्या चिखलात दगड कुठला? पुन्हा फेकलं. पुन्हा पाण्यात.

"सुहास!" देवदत्त ओरडला. "थांब! मी टाकतो!"

तिला कळेना. मग त्याने रॉड वर केला.

फ्लायचा दोर जड असतो, आमिष नव्हे. मागे नेऊन हवेत पूर्ण लांब होऊ द्यायचा आणि मग पुढे टाकायचा, म्हणजे तो पिसाचं आमिष आपल्याबरोबर ओढत नेतो. हे त्याने सकाळीच गाडीत सांगितलं होतं आणि तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ती त्या रॉडच्या टोकाकडे श्वास धरून बघत होती. दोर मागे गेला, पुढे आला, आणि समोरच्या वाऱ्याने तो उचलून देवदत्तच्याच डोक्यावर टाकला. त्याने तो सोडवला. पुन्हा टाकला. या वेळी बराच आला, तरी अजून एक माणूस आडवा झोपेल एवढा कमी पडला. कमरेखाली जखडलेल्या माणसाला अंग फिरवता येत नाही. सगळा जोर एका खांद्यातून लावायचा. आणि त्याची बोटं थंडीने वाकेनाशी झाली होती, हे तिला त्याच्या दोर गोळा करण्यावरून दिसत होतं.

"खाली टाका!" ती ओरडली. तिला त्यातलं काय कळत होतं? पण वारा वर जास्त आणि पाण्यालगत कमी आहे, हे गवताकडे बघून तिला दिसत होतं. "वरून नको! पाण्याच्या जवळून टाका!"

त्याने रॉड आडवा केला. दोर पाण्यालगत मागे गेला, पाण्यावर टपकन आपटला आणि पुढे आला. नाही. पुन्हा. पाणी त्याच्या वेडर्सच्या कमरेच्या बेल्टच्या वर गेलं होतं. पुन्हा. एक फेक वाया गेली, आणखी एक, आणि मग तो दोर कसा कोण जाणे सुतासारखा सरळ आला, गवतात घुसला, आणि सुहासिनीने दोन्ही हातांनी त्याच्यावर झेप घेतली.

गळ तिच्या तळहातात रुतला होता. तिला ते नंतर कळलं. त्या वेळी तिने पिवळ्या दोराचं टोक गळाला जोडलेल्या बारीक तारेला गुंडाळलं, गाठीवर गाठी मारल्या, दाताने आवळल्या, गाठीपुढची तार दातानेच तोडली. "ओढा!" तार माशाला तुटत नाही, पण माणसाचं वजन तिला झेपलं नसतं. पाण्यावर तरंगत जाणारा रिकामा दोर मात्र तिने ओढून नेला. देवदत्तने रीळ फिरवलं आणि ते पिवळं टोक हळूहळू त्याच्याकडे निघालं.

"काखेतून घ्या! दोन वेढे घ्या आणि खालून टोक घाला!"

"बोटं चालत नाहीत."

"दातांनी धरा!"

त्याने दातांनी धरलं. तिने आपल्याकडचं टोक धक्क्याच्या खांबाला गुंडाळलं. कुजका असला तरी जमिनीत खोल होता, हलला नाही. ती मागे रेलली आणि दोर ताणला. देवदत्त जरा सरळ झाला. तेवढंच. निघाला नाही. नुसत्या दोराने ओढून माणूस गाळातून निघत नाही, हे ओढून बघितल्यावरच कळतं.

मग नुसतं थांबणं होतं. हे सगळ्यात वाईट. फोन मागे कोरड्या गवतात पडला होता आणि त्यातून बाई काहीतरी बोलत होती. पाणी त्याच्या छातीपाशी आलं. त्याचे दात वाजत होते, इतके की काठावर ऐकू येत होतं. वारा जरा पडला होता.

"सुहास."

"बोलू नका. दम राखा."

"दोर सोड तू."

"काय?"

"तुला जायचंच आहे. जा. हे सगळं..." त्याला शब्द जोडता येत नव्हते. "हे तुझ्या... गळ्यात कशाला."

सुहासिनीच्या डोळ्यांपुढे काहीतरी फुटलं. "अरे गप!" ती ओरडली. तीस वर्षांत तिने त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं. "गप बस! मेल्या, मी जाणार ती माझ्या पायांनी जाणार! तू मेलास म्हणून नाही! कळलं? ते वेडर्स काढ!"

"थंडी..."

"काढ म्हणते ना! पट्टे काढ खांद्यावरचे! कमरेचा बेल्ट काढ!"

तिला एकाएकी सुचलं होतं. माणूस गाळात अडकलेला नव्हता, वेडर्स अडकले होते. सांगलीला पावसात कोणाचा पाय चिखलात रुतला की चप्पल आत ठेवून पाय काढायचा, पोरांनाही ठाऊक असतं. आणि वरून पाणी आत शिरलं की रबर अंगापासून सुटेल.

त्याने बेल्ट सोडला. पट्टे सोडायला त्याला फार वेळ लागला. बर्फाळ पाणी आत शिरलं तेव्हा तो असा ओरडला की तिने डोळे मिटले. मग ती जोर लावायला लागली. खांबाला वेढा होता, त्यामुळे तिने मिळवलेला एक वीतभर दोर परत जात नव्हता. तो अंग हलवायचा, ती ओढायची. तो थांबायचा, ती धरून ठेवायची. "पाय हलव! बोटं हलव! सायकल मारल्यासारखं कर!" तिच्या तळहातातून रक्त येऊन दोर पिवळ्याचा तांबडा झाला होता.

एक पाय सुटला. तिला ते दोरातूनच कळलं. दोर सैल झाला आणि तो मागे आडवा झाला, पाण्यावर, आकाशाकडे तोंड करून. तोंडात पाणी गेलं, खोकला.

"दुसरा! देवा, दुसरा काढ रे!"

कितीतरी वेळ काही नाही. मग एकदम काहीच विरोध उरला नाही आणि ती पाठीवर गवतात पडली. उठली तेव्हा तो पाण्यावर दोराच्या टोकाला तरंगत होता, एका पायात मोजा, एक पाय उघडा. तिने ओढलं. उथळ पाण्यात तो अडला तेव्हा ती पोटावर पडून पुढे सरकली, त्याच्या स्वेटरची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि दोर दंडाला गुंडाळून स्वतःलाही मागे ओढलं. कसं ते तिला कधीच सांगता आलं नाही. एका क्षणी ते दोघंही गवतावर होते.

पण त्याचं कुडकुडणं थांबलं होतं. ते तिला फार बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं, की हे बरं नाही. त्याचे ओठ निळे होते. डोळे उघडे होते पण तो कुठेतरी तिसरीकडेच बघत होता. "आई, पाणी तापलं का?" असं काहीसं तो वेंगुर्ल्याच्या बोलीत पुटपुटला. तिने त्याचा ओला स्वेटर फाडल्यासारखा काढला, आपला कोट त्याच्यावर घातला, आणि स्वतः त्याच्या अंगावर पडली. गाल गालाला लावून. "झोपू नको," ती त्याच्या कानात ओरडत होती. "झोपलास तर बघ. बोल माझ्याशी. माशांबद्दल बोल. काहीही बोल."

तो बोलला नाही.

लाल कपड्यातली माणसं आली ती पाण्याच्या बाजूने नव्हे, मागून, गवतातून. कोणीतरी तिला उचलून बाजूला केलं. ती त्यांना ढकलत होती.

संध्याकाळी इस्पितळात देवदत्तच्या अंगावर गरम हवेची एक फुगलेली चादर पांघरलेली होती. जीव वाचला, डॉक्टर म्हणाली. हृदयाचे ठोके दुपारभर गडबडले होते, आता ताळ्यावर आलेत. एका पायाची बोटं काही दिवस सुन्न राहतील. सुहासिनीच्या तळहातातला गळ काढून बँडेज बांधलं होतं. गळाला मागचा काटा नव्हता म्हणून सहज निघाला, असं नर्स म्हणाली. मासे सोडून देणारे लोक तो काटा चिमट्याने दाबून टाकतात.

अनिकाचा फोन येऊन गेला. "मम्मा, आय'म कमिंग, फ्लाइट बघतेय," ती रडत म्हणाली. "नको येऊस. बाबा ठीक आहेत," सुहासिनी म्हणाली. आपण स्वतः कशा आहोत, हे मात्र तिने सांगितलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा तो जागा होता.

"तिकीट कधीचं?" त्याने विचारलं.

"पुढच्या शनिवारचं."

त्याने मान हलवली. मग छताकडे बघत म्हणाला, "आईंच्या वेळी मी मासे धरायला थांबलो नव्हतो."

सुहासिनीने फोन बाजूला ठेवला.

"म्हणजे धरले. रोज जायचो. पण त्याच्यासाठी नाही थांबलो. मला बघवणार नव्हतं. माझे वडील गेले तेव्हाही मी शेवटचे चार दिवस मित्राकडे जाऊन राहिलो होतो. कोणाला सांगितलं नाही. अभ्यास आहे म्हटलं."

"आणि मला मे महिन्यात येतो म्हणालास."

"हो."

"आई विचारत होती तुझ्याबद्दल. मी तिच्याशी खोटं बोलले. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तुझ्यासाठी खोटं बोलले." तिचा आवाज चढला. बाहेरून जाणारी नर्स दारात थांबून पुढे गेली. "हे मला तेव्हा सांगायचं होतंस. भीती वाटते म्हणायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगायला हवं होतं."

"वर्षभर मी तो फोटो बघतेय."

"कुठला फोटो?" त्याने खरंच विचारलं. आणि तिच्या तोंडाकडे पाहून त्याला समजलं. त्याने डोळे मिटले.

ती रडली नाही. वर्षभर ज्या शब्दांची वाट बघितली ते आता समोर आले होते आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. पुरेसे नव्हते. खोटेही नव्हते. आणि डिकीपाशी आपण उभ्या राहिलो होतो, ते तिने त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. कधी भाजी चिरताना, कधी दात घासताना ते तिच्यासमोर येऊन उभं राहायचं, आणि ती हातातलं काम थांबवून ते जाईपर्यंत वाट बघायची.

तिकीट तिने दोन आठवडे पुढे ढकललं. तो घरी येऊन जिना चढायला लागेपर्यंत. मग ठरल्याप्रमाणे ती गेली. विमानतळावर त्याने बॅग उतरवून दिली, अजून लंगडत होता. "पोचलीस की फोन कर," म्हणाला. रस्त्यावरून मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, म्हणून दोघांनाही आणखी काही बोलावं लागलं नाही.

नेपरव्हिलला अनिकाने तिला वरची खोली दिली होती. झाडांना अजून पानं नव्हती. सकाळी अनिका आणि जावई शिकागोची ट्रेन पकडायला गेले की घरात कोणी नसायचं. सुहासिनी खिडकीशी बसायची. आपण चुकलो की बरोबर केलं, हे ती स्वतःला दिवसातून कितीदा तरी विचारायची.

एका रविवारी दुपारी देवदत्तचा फोन आला. तो रोज मेसेज करायचा, पण फोन हा पहिलाच.

"कुकरची रिंग सैल झालीय," तो म्हणाला. "वाफ बाजूने जातेय."

"फ्रीझरमध्ये ठेव थोडा वेळ. घट्ट होते."

"फ्रीझरमध्ये?"

"हो. काय लावतोयस?"

"वरण-भात. डाळ किती वेळ भिजवायची असते?"

"तुरीची ना? धू आणि अर्धा तास ठेव. हळद आताच घाल. हिंग पण."

"हिंग कुठेय?"

"चहाच्या डब्यामागे, पिवळी डबी."

कपाट उघडल्याचा आवाज आला. डबे सरकवल्याचा. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्ची ओढून बसली.

"सापडली," तो म्हणाला. "सुहास, थांबशील का? फोन ठेवू नकोस. कितव्या शिटीला बंद करायचा ते सांग."

"चार," ती म्हणाली. "थांबते."